निव्वळ कुत्र्याचे दुखणे

आपल्या परंपरेत कुत्रा हा सहसा कुत्रा नसतोच. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिराच्या मागे चालत राहिलेला कुत्रा अखेरीस साक्षात धर्म निघतो. दत्ताच्या पायांशी असलेले चार कुत्रे म्हणजे चार वेद, असे आपण लहानपणापासून ऐकतो. नामदेवांची पोळी पळवणारा कुत्रा विठ्ठलाचेच रूप असतो, म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावतात. या कथा मी वर्गात अनेक वर्षे शिकवत आलो आहे, आणि प्रतीक उलगडून दाखवण्याचा जो आनंद आम्हा मास्तरांना होतो, तो मलाही होतो. गेल्या पावसाळ्यात मात्र पाच आठवडे ज्याच्या उशाशी मी बसलो, तो कशाचेही प्रतीक नव्हता. त्याची मान दुखत होती, एवढेच.

आमचा वाघ्या डॅशहाउंड जातीचा, सात वर्षांचा. नाव वाघ्या आणि पाय वीतभर, हा विनोद घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकदा तरी करतो. जर्मन भाषेत या नावाचा अर्थच ‘बिज्जूचा कुत्रा’ असा आहे. बिज्जूच्या बिळात शिरता यावे म्हणून शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आखूड पायांची निवड करत ही जात घडवली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनाने असे दाखवले, की कुत्र्याच्या बाराव्या गुणसूत्रावरील ज्या बदलाचा पाय आखूड होण्याशी संबंध आहे, तोच मणक्यांमधली गादी अकाली झिजण्यालाही कारणीभूत आहे. ज्या रूपावर आपण लोभावतो, त्याच रूपात त्याचे दुखणे पेरलेले आहे, आणि ते पेरणारा माणूस आहे.

गादीचा गाभा मुळात पाणीदार असतो आणि त्याभोवती तंतूंचे चिवट कडे असते. या जातीत तो गाभा कोवळ्या वयातच कोरडा, चुनखडीसारखा होऊ लागतो. मग एखाद्या उडीचे निमित्त होते, किंवा निमित्तही लागत नाही. कडे फाटते आणि गाभा मज्जारज्जूवर किंवा शेजारच्या मज्जातंतूंच्या मुळांवर दाबला जातो. कुत्र्याच्या मानेत माणसाप्रमाणेच सातच मणके असतात, जिराफाच्याही मानेत तितकेच. पहिल्या दोहोंमध्ये गादी नसते. लहान चणीच्या कुत्र्यांत बहुधा त्यानंतरचीच, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधली गादी सरकते.

माझ्या आईला मानेच्या मणक्यांचा जुना त्रास आहे. तिच्या तोंडी दुखण्याचे शब्द किती! चमक निघते ती वेगळी, कळ येते ती वेगळी. ठणका रात्रीचा, रग दुपारची, आणि उसण भरली की तिचा दिवसच मोडतो. इतक्या बारकाव्यांची आपली भाषा, पण यांतला प्रत्येक शब्द ज्याचे त्यानेच उच्चारायचा आहे. वाघ्याकडे त्यांपैकी एकही नव्हता. त्याने वाटीतले अन्न सोडले, तेव्हा प्रथम आम्हाला पोटाची शंका आली. तीच पोळी हातावर, त्याच्या तोंडाच्या उंचीवर धरली, तर त्याने ती खाल्ली. भूक होती, मान खाली जात नव्हती. हाक मारली की तो डोकेही वळवत नसे, फक्त डोळे वळवी, आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग दिसे. पुढचा डावा पाय मधूनच अधांतरी धरी. मानेच्या कातडीखाली स्नायू थरथरताना दिसत.

डॉक्टरांनी त्याचे पंजे एकेक करून उलटे टेकवून पाहिले. त्याने ते लगेच सरळ केले, तेव्हा ते म्हणाले, “सर, पायांतली जाणीव शाबूत आहे. घरी करून बघू.” साध्या क्ष-किरण चित्रात गादी आणि मज्जारज्जू दिसत नाहीत, त्यासाठी एमआरआय लागतो, आणि जनावरांसाठी ती सोय मोजक्या मोठ्या शहरांतच आहे. झोक जाऊ लागला, पाय ओढू लागला, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर तासाचाही उशीर न करता त्याला हलवायचे, हेही त्यांनी बजावले. आमच्या खणातल्या वेदनाशामक गोळ्यांना हात लावायचा नव्हता. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही माणसाची नित्याची औषधे कुत्र्याचे जठर आणि मूत्रपिंड बिघडवू शकतात. डायक्लोफेनॅकमुळे गिधाडांचा संहार झाला आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्यावर बंदी आली, हे वाचलेले होते; त्याचा संबंध आपल्या घरातल्या खणाशी पोहोचेल असे वाटले नव्हते.

मग घराची मांडणी बदलली. पुस्तकांच्या कपाटाशेजारी सुताराकडून लाकडी कठडा करून घेतला. त्याला उभे राहता यावे, वळता यावे, पण धावता येऊ नये, एवढाच. फरशी गुळगुळीत, म्हणून खाली रबरी चटई. वाटी दोन पाटांवर, छातीच्या उंचीला. गळ्यातला पट्टा काढून छातीपट्टा आणला, कारण साखळीचा एक हिसका मानेला पुरतो. अंगणात न्यायचे ते उचलून. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आणि मान एका रेषेत. गोळ्या उकडलेल्या अंड्यातून. आणि एक वही: किती वाजता उठला, उठताना ओरडला का, मान कुठवर वळली.

वही लिहिताना माझे शिक्षण आड येई. ‘आज उदास होता’ असे लिहून जाई आणि ते खोडावे लागे. उदास हे माझे भाष्य. ‘कान मागे, अंग आखडलेले, हात जवळ येताच थांबला’ ही त्याची संहिता. इस्पितळात कुत्र्याच्या तीव्र वेदना मोजण्यासाठी ग्लासगोच्या पशुवैद्यकांनी केलेली मोजपट्टी नेमके हेच करते. आवाज, चाल, स्पर्शाला प्रतिसाद, बसण्याची ढब यांना ती वेगवेगळे गुण देते. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये केलेल्या व्याख्येत वेदनेच्या वर्णनावर भर होता. २०२० मध्ये ती सुधारताना त्यांनी स्पष्ट केले, की शब्दांत सांगणे ही वेदना व्यक्त करण्याची अनेक रीतींपैकी फक्त एक रीत आहे. सांगता येत नाही म्हणून माणसाला वा प्राण्याला वेदना नसते असे ठरत नाही. भाषेवर पोट असणाऱ्याने हे वाक्य जवळ ठेवावे.

खरी परीक्षा नवव्या दिवशी सुरू झाली. औषधाने ठणका ओसरला आणि वाघ्या कठड्यावर पंजे टेकून उभा राहू लागला. आई म्हणाली, “अरे, बरा झालाय तो. कशाला कोंडून ठेवतोस? सोड त्याला.” तिचे म्हणणे निर्दय नव्हते, सक्तीच्या विश्रांतीचा जाच तिने स्वतः भोगला आहे. पण दुखणे थांबले होते, गादीचे कडे भरून आलेले नव्हते. त्यासाठी किमान चार आठवड्यांची विश्रांती हवी, आणि त्या काळातली एक उडी सगळे पुन्हा फाडू शकते. आईला हे समजावता आले. वाघ्याला नाही. वेदना ही त्याची राखणदार होती आणि गोळी देऊन मीच तिला झोपवले होते. आता तिची जागा कठड्याने घ्यायची होती. तो माझ्याकडे पाहत राही. त्या पाहण्याला ‘जाब’ म्हणावे असे फार वाटे. मी वहीत लिहिले: ‘वीस मिनिटे उभा. ओरडला नाही. नंतर झोपला.’

पाचव्या आठवड्यात डॉक्टरांच्या सांगण्यावरून कठड्याची एक बाजू काढली. पहिले दिवस पाच मिनिटे चालणे, मग दहा. हे दुखणे पुन्हा उद्भवू शकते, म्हणून दिवाणापुढे आता दोन ट्रंका आडव्या लावल्या आहेत आणि गळ्यातला पट्टा कायमचा खुंटीवर गेला आहे. परवा तो अंगणातल्या मुंगीकडे मान खाली घालून बराच वेळ पाहत होता. वहीत त्याची नोंद आहे.