ताटाची डावी बाजू

डॉक्टरांनी दिलेल्या आहाराच्या कागदावर, दोन्ही जेवणांपूर्वी वाटीभर कच्च्या भाज्या घ्याव्यात, असे लिहिले होते. खाली छापील यादी होती : गाजर, मुळा, बीट, कांदा, दह्यात कालवलेले मोड आलेले मूग; वरून लसणाचे किंवा मध-मोहरीचे ड्रेसिंग. सांगलीच्या मार्केट यार्डात हळद-बेदाण्याची अडत चालवण्यात उभा जन्म गेलेल्या अण्णांनी तो कागद न वटलेल्या हुंडीसारखा पाहिला, घडी केली आणि चष्म्याच्या डबीत ठेवून दिला. रक्तातील साखर बरीच वाढली होती, तळपायांना मुंग्या येत होत्या. पण यादीतील एकही पदार्थ त्यांच्या नियमात बसणारा नव्हता. "गोळी घेऊ, भात सोडू. हे मात्र आपल्याच्याने व्हायचे नाही," एवढेच ते बोलले.

पथ्य आणि नियम यांची अशी गाठ पडली की बहुतेक घरांत पथ्याचाच बळी जातो. नियम पाळणारा माणूस हट्टी ठरतो, घरचे हताश होतात आणि आजार आपल्या गतीने पुढे सरकतो. या घरात तसे झाले नाही, याचे श्रेय सूनबाईंच्या हिशेबी डोळ्याला द्यावे लागेल. त्यांनी यादीतील नावे बाजूला ठेवली आणि हेतू तेवढा वाचला. भाकरी-भाताआधी पोटात काही तंतुमय, पाणीदार गेले की साखर एकदम चढत नाही, हा तो हेतू. तो साधण्यास गाजरच हवे असे नाही. काकडी, टोमॅटो, ढोबळी मिरची, कच्च्या पपईचा कीस, वाफवलेली कोवळी गवार, थोडा पेरू. डॉक्टरांना विचारले तेव्हा त्यांची काहीच हरकत नव्हती.

अडचण पुढेच होती. कापलेली काकडी आणि टोमॅटो रोज कोण आवडीने खाईल? पुण्यात शिकणाऱ्या नातवाने सुटीत येताना ड्रेसिंगच्या दोन बाटल्या आणल्या. दोन्हींवर हिरवा ठिपका होता. पण हिरव्या ठिपक्याचा अर्थ शाकाहारी एवढाच. कायद्याने मध त्यात बसतो, कांदा-लसूणही बसतो. घटकांची बारीक अक्षरे वाचल्यावर एका बाटलीत मध निघाला, दुसरीत लसणाची पूड आणि व्हिनेगर. शिवाय महिनोन्‌महिने टिकणाऱ्या वस्तूला मर्यादा कसली लावणार? बाटल्या नातवाबरोबर परत गेल्या.

मग घरातच शोध सुरू झाला. महाराष्ट्रीय ताटाची डावी बाजू हीच तर या विद्येची जुनी शाळा आहे. ड्रेसिंग हे नाव नवे, फोडणी आणि दाण्याचे कूट जुने. पाश्चात्त्य रीतीत एक भाग आंबटाला तीन भाग तेल घेतात. सूनबाईंनी एका लिंबाला एक चमचा शेंगदाण्याच्या तेलाची मोहरी-हिंगाची फोडणी, असे प्रमाण धरले. तेल अजिबात वगळावे, असा आग्रह अलीकडे ऐकू येतो, तो फारसा शहाणपणाचा नाही. टोमॅटोला लाली देणारे द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात नाही. थोड्या स्निग्धाशिवाय ते अंगी लागत नाही.

सर्वांत रंगले ते तिळाचे. भाजलेले तीळ तेल सुटेपर्यंत वाटावेत आणि लिंबाचा रस थेंबाथेंबाने घालावा. आधी गोळा घट्ट होतो, वाटणारा घाबरतो. पण चमचा-चमचा पाणी घालीत घोटले की तोच गोळा पांढरट होऊन सैल पडतो, सायीसारखा. अंड्याचे मेयोनेझ ज्या दाटपणासाठी करतात तो तिळात आयता आहे. जिरे आणि मिरपूड घालावी. मीठ मात्र अगदी शेवटी, नाहीतर काकडीला पाणी सुटून सारे वाहून जाते. मधाऐवजी बेदाणे भिजवून मोहरीबरोबर वाटण्याचाही प्रयोग झाला. चव उत्तम. पण बेदाणा घरच्या अडतीचा असला तरी साखर ती साखरच, म्हणून अण्णांच्या वाटीला तो अर्धा चमचाच.

दह्याचा प्रश्न नाजूक होता. द्विदल दह्याशी मिसळू नये, हा दंडक. काही घरांत दही तापवून घेतले की चालते. या घरात तेही चालत नाही. तेव्हा मूग आणि दही यांची ताटातूटच करावी लागली. दह्याच्या वाटीत काकडी आणि कारळ्याचे कूट गेले. मुगाची डाळ मोड न आणता दोन तास भिजवून, कर्नाटकातल्या कोसंबरीप्रमाणे ओले खोबरे, मिरची, लिंबू आणि फोडणी यांच्या संगतीने आली. लिंबामुळे डाळीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते, हा वरचा नफा.

कुटांच्या बरण्या लहान आहेत. पिठाला लागणारी मर्यादाच सूनबाई त्यांनाही लावतात : हिवाळ्यात 7 दिवस, उन्हाळ्यात 5, पावसाळ्यात 3. त्यामुळे तिळाला खवट वास येण्याइतकी सवडच मिळत नाही.

डिसेंबरात सांगलीत सहाच्या सुमारास दिवस मावळतो. सौदे लांबले की अण्णा घाईने पायऱ्या चढतात आणि पानावर बसतात तेव्हा हाती अर्धा तासही नसतो. पूर्वी या घाईत पहिला घास भाकरीचा आणि तोही मोठा जाई. आता भाज्या सव्वापाचला चिरलेल्या असतात, ड्रेसिंग वेगळे असते, आणि पायरीवर पाऊल वाजले की दोन्ही कालवले जाते. वाटी संपल्याखेरीज भाकरी वाढली जात नाही. साखर अजून डॉक्टरांना हवी तितकी उतरलेली नाही. मुंग्या मात्र कमी आहेत, आणि औषधाचा डोस वाढवण्याचे सध्या थांबले आहे.

सासूबाई पर्वदिवशी सचित्त घेत नाहीत. वस्तू प्रासुक करण्याचे जे मार्ग परंपरेने सांगितले आहेत त्यांत सुकवणे, तापवणे, शिजवणे यांच्याबरोबर आंबट व खारट मिसळणे हेही येते, हे सूनबाईंनी एकदा वाचून दाखवले. "म्हणजे तुझे ड्रेसिंगच की," असे म्हणून त्या हसल्या. पण स्वतःची काकडी त्यांनी वाफवूनच घेतली. चातुर्मासात पालेभाज्या गेल्या की कोथिंबीर-पुदिनाही जातो. तेव्हा भाजलेले जिरे, आमचूर आणि सुंठ यांवर भागते.

अष्टमी-चतुर्दशीला हिरवे काहीच नसते. त्या दिवशी सासूबाई पदर खोचून स्वतः ओट्याशी उभ्या राहतात. उकडलेले हरभरे, भाजलेले शेंगदाणे, सुक्या खोबऱ्याचा कीस, भिजवलेल्या आमसुलांचा कोळ आणि अगदी वाढतेवेळी चुरलेला भाजका पापड. आमसुले दोन जास्त भिजवावी लागतात, कारण अण्णा दुसऱ्यांदा मागतात.