बोंबील, ब्युरेट आणि दोन पावसाळे

वर्सोव्याचा वास हा मुळात एका रेणूचा वास. मासा मेला की त्याच्या अंगातल्या ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइडचं जिवाणू ट्रायमिथाइलअमाइन करतात, आणि वारा तो वास सात बंगल्यापर्यंत पोचवतो. नाक मुरडणाऱ्या नव्या भाडेकरूंना हे सांगून फायदा नसतो. कोळीवाड्यातल्या, केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झालेल्या एका मुलीला सांगितलं, तर ती लगेच म्हणाली, "म्हणूनच आई कोकमाचं आगळ लावते. अमाइनला अ‍ॅसिड." मग विषय बोंबलावर गेला. बोंबलात तोच ऑक्साइड फुटून फॉर्मल्डिहाइड तयार होतं, बाहेरून कुणी काही न घालता. "मग भेसळ तपासणाऱ्याला कसं कळणार, माशाचं किती आणि व्यापाऱ्याचं किती?"

हे विचारणारी मुलगी दुसऱ्याच मिनिटाला विचारते, "काका, नोकरी धरू की एम्एस्सी करू?" मला तर पहिल्या प्रश्नातच दुसऱ्याचं उत्तर दिसत होतं. पण तसं बोलून मोकळं होणं सोपं असतं. फी मला भरायची नसते.

नोकरी म्हणजे बहुतेक वेळा औषधकंपनीतलं क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणी. मेट्रोने अंधेरी, तिथून विरार, पुढे डहाणू लोकलने बोईसर आणि तारापूरची एमआयडीसी. टायट्रेशन, एचपीएलसी, थर्ड शिफ्ट. या कामाला हिणवणारे प्राध्यापक मला आवडत नाहीत. तिथे जे लिहून ठेवलं नाही ते झालंच नाही असं धरतात, आणि ही शिस्त कॉलेजच्या जर्नलात मुळीच लागत नाही. जर्नल आपण मित्राचं बघून उतरवलेलं असतं, रीडिंगसकट.

"एक वर्ष नोकरी करते, मग बघू," हे वाक्य मात्र मला खरं वाटत नाही. पगार आधी मुलीचा असतो, तिसऱ्या महिन्यात तो घराचा होतो. त्यावर होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीचा हप्ता बसतो, धाकट्याचा क्लास बसतो. शिवाय आयआयटीच्या एम्एस्सीसाठीची जॅम ही प्रवेशपरीक्षा फेब्रुवारीत. तिचा अर्ज दिवाळीच्या आसपास भरायचा, अभ्यास थर्ड शिफ्टनंतर करायचा. उलट बाजूही फार उजळ नाही. कितीतरी मुलं एम्एस्सीला जातात ती निर्णय दोन वर्षं पुढे ढकलायला, आणि मग त्याच क्यूसीत थोड्या जास्त पगारावर उभी राहतात.

अशा वेळी कमला सोहोनींचं नाव हमखास निघतं. तेव्हाच्या कमला भागवत. 1933 साली मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सीला पहिल्या आल्या आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटला (आजचं आयआयएस्सी) अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन, मुलगी म्हणून नाकारलं. त्या तिथे जाऊन धडकल्या, सत्याग्रह करीन म्हणाल्या, आणि वर्षभर पारखून मगच कायम करू या अटीवर आत शिरल्या. पुढे केंब्रिज, वनस्पतींच्या पेशींतल्या सायटोक्रोम सीचा शोध, 1939 साली पीएचडी. प्रबंध म्हणे जेमतेम चाळीस पानांचा. (आपल्याकडे चाळीस पानांत प्रस्तावनाही संपत नाही.) 1947 नंतर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत जीवरसायन शिकवू लागल्या आणि तिथेच नीरेवर काम केलं. ताडामाडाचा हा रस कुपोषित मुलांच्या आहारात घातला तर काय होतं, हे तपासलं. मढ-गोराईच्या ताडांकडे बघताना मला ते काम सायटोक्रोमपेक्षा जवळचं वाटतं. बंगळूर-केंब्रिज करून आलेली बाई शेवटी गरिबाच्या पेल्यापाशी थांबली.

ही गोष्ट सांगताना भाषणवाले एक तपशील गाळतात. कमलाबाईंचे वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही त्याच टाटा इन्स्टिट्यूटच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. लढाई कमलाबाईंना रामनांशी करावी लागली, स्वतःच्या स्वयंपाकघराशी नाही. संशोधन म्हणजे काय, त्यात पैसे कधी मिळतात, चार वर्षं हाताला काही न लागणं म्हणजे वाया जाणं नव्हे, हे त्या घरात कुणाला समजावायचं नव्हतं. त्यांचं धैर्य याने तसूभरही कमी होत नाही. पण कोळीवाड्यातल्या मुलीपुढे हा दाखला ठेवताना घरातली ती दोन माणसंही मोजायला हवीत.

म्हणून मी तिच्या आईशी बोलायला गेलो. ती वलांडीवर सुकत घातलेले बोंबील काढत होती. पाऊस तोंडावर आला होता. "शिकताना पैसे देतात म्हणे?" तिने विचारलं. म्हटलं, देतात, जानेवारी 2023 पासून जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीला, महिन्याला 37 हजार. तिचा हात थांबला. मग मला पुढचं सांगावं लागलं, की ते पीएचडीला, आधी एम्एस्सी, मग नेट परीक्षा, आणि नेटमध्येही वरचे गुण.

"म्हणजे आत्ता काहीच नाही."

"दोन वर्षं नाही."

तिच्या हिशेबात वर्षं येत नाहीत. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, तेव्हा घर चालतं ते टोपलीतल्या सुक्यावर. नोकरी असती तर याच दोन महिन्यांत मुलीचा पगार कामाला आला असता. "दोन पावसाळे मी काढते," ती म्हणाली. "तिसरा हिने काढायचा."

मुलीने विद्यापीठाचा फॉर्म भरलाय. सोमवारची तारापूरची मुलाखत मात्र रद्द केलेली नाही.