भाताची कोठी आणि मोहल्ल्याचा आवाज

कर्जत-खालापूर हा भाताचा मुलूख. आगरी, कुणबी, मराठा, बौद्ध, ठाकूर, कातकरी आणि आपण मुसलमान, सगळेच पावसाकडे डोळे लावून बसणारे. तरीही ‘आपला इतिहास’ म्हटले की मोहल्ल्यातली मुले दिल्ली-आग्र्याकडे बघतात. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी कुणी बांधली, असे आम्ही वर्गात विचारतो. उत्तर ठरलेले असते, ‘इंग्रजांनी!’

ती बांधली मुंबईचे बोहरा उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने, त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी. १९०७ साली ती धावू लागली. हे ऐकून मुले खूश होतात. पण तेवढ्यावर आम्ही थांबत नाही. दुसरे नाव सांगतो, भाई कोतवाल.

माथेरानच्या गरीब नाभिक घरात १९१२ साली जन्मलेले हे वकील पुढे तिथल्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. त्या काळी पावसाळ्यात घरातले भात संपले की शेतकरी सावकाराकडून धान्य उचलायचा आणि सुगीत वाढीदिढीने फेडायचा. आपल्या भाषेत हा सूदच. त्यावर कोतवालांनी धान्यकोठीचा उपाय काढला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात ते आणि हिराजी पाटील शहीद झाले. सूद हराम मानणाऱ्या आपल्या घरांत ही कोठी माहीत असायला नको का?

इतिहास सांगण्याचे कारण आजचे आहे. २४ एप्रिल १९९३ पासून ७३वी घटनादुरुस्ती लागू झाली, ग्रामसभेला घटनेचा आधार मिळाला. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. पण आपल्या किती भगिनी तिथे जातात? नळाला पाणी किती वाजता येते, गटार कुठे तुंबते, रेशनवर काय मिळाले नाही, हे घरातल्या बाईला पक्के ठाऊक असते. सभेत मात्र तिच्या वतीने कुणीतरी भाऊ बोलतो, नाहीतर कुणीच बोलत नाही. मग कब्रस्तानची वाट चिखलातच राहते आणि आपण म्हणतो, ‘आमचे कोण ऐकतो?’

ऐकवायला आधी हजर राहावे लागते. गावात असाल तर सभेची नोटीस वाचा, विषय लेखी द्या, ठराव वहीत लिहिला गेला का ते पाहा. कर्जत, खोपोली किंवा खालापूरसारख्या शहरात असाल तर नगरसेवकाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात शेजारच्या कातकरी वाडीच्या नळाचाही उल्लेख करा, कारण तहान सगळ्यांना सारखीच लागते.

कुरआनच्या सूरह शूरामध्ये मोमिनांची एक ओळख सांगितली आहे, ती म्हणजे आपसांतील सल्लामसलतीने कारभार करणे. पुढच्या सभेला घरातून निदान दोघे जाऊ या, त्यातली एक बाई असू दे, इन्शाअल्लाह.