नंदी नसलेलं देऊळ

महादेवाच्या देवळात शिरताना हात नकळत नंदीच्या पाठीवर जातो. त्याच्या दोन शिंगांमधून पिंडी पाहायची, घंटा वाजवायची, मग उंबरा ओलांडायचा. ही रीत पायांना लहानपणापासून ठाऊक असते. खिद्रापूरला कोपेश्वरापुढे ती रीत चालत नाही. इथे नंदीच नाही.

मी गेलो होतो ते भाविक म्हणून नव्हे. डोक्यावर टोपी, खांद्याला पाण्याची बाटली, गळ्यात कॅमेरा, अशी सगळी प्रवासी मंडळींची सामग्री होती. वाटेत नरसोबाच्या वाडीला कवठाची बर्फी घेऊन झाली होती. कुरुंदवाड सोडल्यावर दोन्ही अंगांना ऊस, मधूनच क्षारपड होऊन पडलेली पांढुरकी रानं, आणि कृष्णा कधी डावीकडे आहे तर कधी समोर, असं वाटायला लावणारी वळणं. शिरोळ तालुक्याचं हे टोक नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं आहे. पलीकडचा काठ कर्नाटकाचा. गावात शिरेपर्यंत देऊळ दिसत नाही. घरं, गोठे, शेणी, दारात वाळत घातलेली धुणी, आणि त्यांच्यामधून अचानक काळ्या दगडाची एक प्रचंड जागा उघडते.

दाराशी एक म्हातारेबुवा बसले होते. मी इकडेतिकडे काय शोधतोय ते त्यांना लगेच कळलं. येणारे सगळे तेच शोधत असणार.

"नंदी हुडकताय न्हवं? तो हितं न्हाई. पल्याड यडूरला हाय."

मग त्यांनी गोष्ट सांगितली. दक्षानं यज्ञ मांडला, जावयाला बोलावलं नाही. सती हट्टानं निघाली ती नंदीवर बसून. तिचं पुढे काय झालं ते आपल्याला माहीत आहे. महादेव कोपले; त्यांची समजूत घालायला विष्णू आले. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं: एक कोपेश्वर, दुसरं धोपेश्वर. एक रागावलेला, एक राग काढणारा. आणि नंदी सतीला पोहोचवायला गेला तो तिकडेच राहिला.

"तुम्ही पाहिलाय का तो?" मी विचारलं.

"लेक दिलीया तिकडं. पर जावाई उसात न्हेतो, पाणी बघा म्हणतो, मोटर बघा म्हणतो. नंदीकडं जायाला येळ कुठला?"

ही गोष्ट ऐकताना मला एक जाणवलं, आणि नंतर दिवसभर ते मनातून गेलं नाही. या देवळाची ख्याती त्याच्या असण्यापेक्षा नसण्यावर जास्त उभी आहे. आपण तिथं जातो ते जे नाही ते पाहायला. नंदी नाही. मंडपाला मधोमध छप्पर नाही. हत्तींना सोंडा नाहीत. कितीतरी मूर्तींना चेहरे नाहीत. आणि जिथं जिथं काही नाही, तिथं तिथं माणसांनी एकेक गोष्ट आणून ठेवली आहे.

हत्तींचंच घ्या. देवळाच्या बाहेरच्या अंगाला, खालच्या थरात, अख्खं मंदिर पाठीवर घेतल्यासारखी हत्तींची रांग आहे. त्यांच्यावर देव बसलेले. बहुतेक सोंडा फुटलेल्या. ओघळून, झिजून गेलेल्या नव्हेत, घाव घालून फोडलेल्या; हे कुणी न सांगताही दिसतं. सांगणारे औरंगजेबाचं नाव घेतात. १७०१ मध्ये तो स्वतः पन्हाळ्याच्या वेढ्याला बसला होता, त्याचं सैन्य याच मुलखात वावरत होतं, तेव्हा सांगणं अगदीच हवेतलं नाही. पण सरसकट सगळ्या तुटफुटीचा हिशेब एकाच माणसाच्या नावावर टाकायची आपली सवय मला पटत नाही. कृष्णेनंही इथं काही कमी केलेलं नसणार. २००५ आणि २०१९ च्या महापुरांनी हा सगळा टापू पाण्याखाली घातला. त्याआधीच्या आठ शतकांत असे किती पूर आले असतील. दगडाची कड मऊ करायला पाण्याला हातोडा लागत नाही. फक्त पाण्यावर राग धरता येत नाही, एवढंच.

हत्तींकडे बघत प्रदक्षिणा घालायला लागलं की चालीचा वेग आपोआप पडतो. बाहेरची भिंत तारकेच्या आकारात आत-बाहेर मुडपलेली आहे. प्रत्येक कोनाशी सावली बदलते, प्रत्येक कोनात कुणीतरी उभं असतं. आरशात बघणारी, पायातला काटा काढणारी, वाद्य वाजवणारी. मी फोटो काढत होतो. मागून हातात तांब्या घेतलेली एक बाई झपझप चालत आली, मला वळसा घालून पुढे गेली आणि तिची प्रदक्षिणा संपलीसुद्धा. तिनं भिंतीकडे एकदाही पाहिलं नाही. मला क्षणभर तिची कीव आली आणि लगेच शंकाही आली, की रोज एवढ्या मूर्तींच्या शेजारून पाणी घेऊन जाणाऱ्या बाईला त्या न बघताही माहीत असतील. माझ्या घराच्या जिन्याला पायऱ्या किती, ते मला कुठं सांगता येतं?

पण खिद्रापूरला येणारा शेवटी येतो तो स्वर्गमंडपासाठी. मुख्य देवळाच्या पुढे, त्याच्यापासून जरासा सुटा असा हा मंडप आहे. बारा खांबांच्या वर्तुळावर छत चढत चढत आत येतं, आणि मध्याशी पोहोचायच्या आत थांबतं. तिथं सुमारे १३ फूट व्यासाचं गोल आकाश आहे. त्याच्या बरोबर खाली तेवढीच एक सलग गोल शिळा. वर कडेला दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसून त्या गोलाची राखण करताना दिसतात. खांब इतके गुळगुळीत की त्यांत आपली काळी छाया हलते.

माणसं तिथं येतात आणि बोलायची थांबतात. मान वर जाते, तोंड किंचित उघडं राहतं. मग पुन्हा गोष्टी सुरू होतात. यज्ञाचा धूर जावा म्हणून हे भोक ठेवलं. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्री चंद्र नेमका इथं यावा म्हणून ठेवलं. चंद्राची गोष्ट खरी आहे, त्या रात्री गर्दीही होते. पण या अक्षांशावर हिवाळ्याच्या सुरुवातीचा पूर्ण चंद्र मध्यरात्री तसाही माथ्याजवळूनच जातो. आपल्या अंगणात उभं राहिलं तरी. अंगणाला बारा खांब नसतात, म्हणून कुणी जमत नाही. मी गेलो ते माघात, भर दुपारी. सूर्य अजून दक्षिणेला कललेला होता, त्यामुळे उन्हाचा गोल त्या शिळेवर बसला नव्हता. निम्माशिम्मा उत्तरेला घसरला होता. वैशाखात तो नेमका शिळेवर येत असणार. स्थपतीनं हे धरलं होतं की नाही कोण जाणे, मला मात्र तो चुकलेला गोल जास्त आवडला. तो हळूहळू सरकत होता. मी बसलो होतो तेवढ्यात एका फरशीची रेघ त्यानं ओलांडली.

तिसरं म्हणणं अभ्यासकांचं: मंडप पुरा झालाच नाही. बाराव्या शतकात कोल्हापूरच्या शिलाहारांनी हे काम चालवलं असं मानलं जातं. त्यांच्यातला शेवटचा, दुसरा भोज, याला देवगिरीच्या सिंघण यादवानं हरवलं आणि ते राज्यच संपलं. देवळात सिंघणाचा शके ११३६ चा संस्कृत लेख आहे, देवासाठी गाव दान दिल्याचा. बाकीचे बरेच लेख कानडी. राज्य घेणाऱ्यानं देवाची पूजा चालू ठेवली, पण कारागिरांचं काय झालं ते कुठल्याच दगडावर नाही. मुख्य शिखरसुद्धा नंतरचं, विटा-चुन्याचं. माझा कौल मात्र थोडा तळ्यात-मळ्यात. त्या गोलाची कड मला अर्धवट टाकलेल्या कामासारखी दिसत नाही. ती घडवून, गुळगुळीत करून, संपवलेली दिसते. पण मला ते तसं हवंही आहे, तेव्हा माझं मत फारसं धरू नये.

एवढ्यात कुठल्याशा शाळेची सहल आली. चौथी-पाचवीची मुलं, सगळ्यांच्या टोप्या एका रंगाच्या. कुणी शिळेवर आडवं पडलं, कुणी उन्हाच्या गोलात जागा मिळवायला ढकलाढकली केली. सरांनी टाळ्या वाजवून सगळ्यांना बसवलं आणि प्रश्न टाकला, "सांगा बघू, इथं छप्पर का नाही?"

"पाऊस आत यावा म्हणून!"

"देवाला विमान बघता यावं म्हणून!" हशा झाला.

"सर, पैसे संपले म्हणून," मागच्या रांगेतला एक काटकुळा पोरगा म्हणाला. "आमच्या घरावर पण अजून स्लॅब नाही."

सर म्हणाले, "चूक, खाली बस." मी असतो तर त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते.