हंगामाची वही आणि एक रात्र

स्नूकर या खेळाशी आपल्या व्यापारी घरांचा फारसा संबंध येत नाही. माझाही नव्हता. २००७ साली बँकेने मला तीन वर्षांसाठी लंडनच्या शाखेत पाठविले आणि तेथे घरमालकांच्या दिवाणखान्यात, गुरुवारच्या संध्याकाळी, या खेळाची ओळख झाली. ते वृद्ध गृहस्थ ‘प्रीमियर लीग’ ही व्यावसायिक खेळाडूंची स्पर्धा दूरदर्शनवर न चुकता पाहत. हा खेळ १८७५ च्या सुमारास जबलपूर येथे ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये जन्मला, हेही मला त्यांच्याकडूनच समजले. आपल्या देशातील गोष्ट परक्याने सांगावी, याचा थोडा संकोच वाटला.

खेळ समजण्यास अवघड नाही. टेबलावर पंधरा लाल आणि सहा रंगीत चेंडू. एक लाल, मग एक रंगीत, या क्रमाने ते पॉकेटमध्ये घालावयाचे. लाल चेंडूचा एक गुण, काळ्याचे सात. अशा एका डावाला फ्रेम म्हणतात. या स्पर्धेत प्रत्येक फटक्यासाठी पंचवीसच सेकंद मिळत.

मला मात्र खेळाहून स्पर्धेच्या रचनेने अधिक गुंतविले. सात खेळाडू, प्रत्येकाचा उरलेल्या सहा जणांशी एकेक सामना, प्रत्येक सामना सहा फ्रेमचा. विजयाला दोन गुण, बरोबरीला एक. चार फ्रेम जिंकून सामना खिशात आला, तरी उरलेल्या दोन खेळाव्याच लागत. जिंकलेल्या प्रत्येक फ्रेमला हजार पौंड मिळत, आणि गुण समान झाल्यास फ्रेमच मोजल्या जात. त्यामुळे सामना हरलेला माणूसही शेवटची फ्रेम जीव ओतून खेळे. आमच्या भाषेत सांगायचे, तर रोजमेळात प्रत्येक नोंद होत होती. एकही ओळ वाया जात नव्हती.

हंगाम संपला की पहिले चार खेळाडू उपांत्य फेरीत जात, आणि तेथे ही वही मिटे. आधीच्या गुणांची शिल्लक पुढे ओढली जात नसे. उपांत्य सामन्यात आधी पाच फ्रेम, अंतिम सामन्यात आधी सात फ्रेम घेणारा विजयी.

रॉनी ओ’सलिव्हन याने ही स्पर्धा सलग पाच वेळा जिंकली होती. २००९ च्या अंतिम सामन्यात शॉन मर्फीने त्याला ७-३ असे हरविले. मी हळहळलो. घरमालक शांतपणे म्हणाले, “आज मर्फी चांगला खेळला, एवढेच या निकालावरून कळते. रॉनी कसा खेळाडू आहे, हे कळायला तक्ता पाहावा लागतो.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण खेळाचे नव्हते.

लंडनला जाण्यापूर्वी मी सांगलीकडील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. हळदीचे एक व्यापारी आमचे बावीस वर्षांचे खातेदार होते. एका हंगामात भाव कोसळले, माल अडकला आणि लागोपाठ दोन तिमाहींचे व्याज उशिरा आले. कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणाची फाइल माझ्या टेबलावर आली. मी त्या वर्षाचा ताळेबंद पाहिला आणि त्यांची मर्यादा निम्म्यावर आणण्याची शिफारस केली, तीही ऐन खरेदीच्या दिवसांत. नियमाने माझे काही चुकले नव्हते. त्यांनी वाद घातला नाही. दुसरीकडे व्यवस्था करून बँकेची पै न पै फेडली आणि खाते बंद करताना एवढेच म्हणाले, “साहेब, बावीस वर्षांची वही तुम्ही एका पानावरून वाचलीत.”

अंतिम सामन्याचाही एक न्याय असतो. करंडक कोणाला द्यायचा, हे एका रात्री ठरवावेच लागते, आणि त्या रात्री जो डगमगला नाही त्याचा तो हक्क असतो. पण माझ्या टेबलावर करंडक नव्हता. तेथे लीग चालू होती, आणि मी ती अंतिम सामन्यासारखी निकालात काढली.

२०१० मध्ये भारतात परतलो. त्या वर्षअखेरीस घरमालकांचा दूरध्वनी आला: अंतिम सामन्यात पुन्हा तेच दोघे, आणि या वेळी रॉनी ७-१ ने विजयी. पुढल्या रविवारी मी सांगलीला गेलो. शेठजींनी गादीवर बसविले, चहा मागविला. मी माझी चूक बोलून दाखविली. ते हसले, म्हणाले, “तुम्ही आलात, हे पुष्कळ झाले.” खाते मात्र त्यांनी आमच्याकडे परत आणले नाही, आणि मीही तो विषय काढला नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत नूतनीकरणाच्या प्रत्येक फाइलसोबत मी मागील दहा वर्षांचा उतारा मागवीत असे. सहकारी कुरकुरत. काही खाती तो उतारा पाहूनही नाकारावी लागली. पण नाकारताना निदान संपूर्ण वही वाचलेली असे.

आज आपल्या पेढ्यांवर नवी पिढी बसते आहे. उधारीचा एखादा हप्ता चुकला, एखादा मुनीम एकदा चुकला, की निर्णय तत्काळ होतो. निर्णय अवश्य घ्यावा. पण त्याआधी मागची पाने उलटावीत, एवढीच विनंती.