पुन्हा सांगा

मी भिवंडीच्या एका उर्दू शाळेत विज्ञान शिकवते. माझे अब्बा यंत्रमागावर काम करीत. लहानपणी त्यांचा डबा घेऊन मी कारखान्यात जात असे. मागांची खडखड इतकी मोठी असे, की शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे. अब्बा कानामागे हात धरून म्हणत, "काय म्हणालात? पुन्हा सांगा." त्यावर कोणी हसत नसे की रागावत नसे. ऐकण्यात चूक झाली, तर कापडाचा अख्खा तागा वाया जाईल, हे सर्वांना ठाऊक होते.

ही साधी गोष्ट मी मोठी झाल्यावर विसरले. शिक्षिका झाल्यावर तर पारच विसरले. ती मला पुन्हा शिकायला मिळाली, आणि तीही भिवंडीपासून हजारो किलोमीटर दूर, अमेरिकेत.

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात हंट्सव्हिल नावाचे शहर आहे. तेथे 'यू. एस. स्पेस अँड रॉकेट सेंटर' ही संस्था आहे. मुलांना अंतराळ प्रवासाची ओळख व्हावी म्हणून १९८२ साली तेथे शिबिरे सुरू झाली. पुढे शिक्षकांसाठीही शिबिरे भरू लागली. अंतराळवीरांना जे शिक्षण घ्यावे लागते, त्याची थोडीशी चव या शिबिरांत चाखायला मिळते. २०१९ साली अशाच एका शिबिरासाठी मी अर्ज केला आणि माझी निवड झाली. प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च शिष्यवृत्तीतून होणार होता.

निवडीचे पत्र वाचून अब्बांनी मोहल्ल्यात मिठाई वाटली. अम्मी मात्र काळजीत पडली. "इतक्या लांब एकटी जाणार? तिथे बोलशील कशी?" तिने विचारले. "इंग्रजीत बोलेन," मी ऐटीत म्हणाले. पण मनात धाकधूक होतीच. माझे सारे शालेय शिक्षण उर्दूत झाले होते. इंग्रजी वाचून समजत होते. पण कोणी भरभर बोलू लागले, की अर्धे शब्द निसटून जात.

जून महिना होता. ईद होऊन थोडेच दिवस झाले होते. मी हंट्सव्हिलला पोहोचले, तेव्हा पहिल्यांदा नजर गेली ती एका उंच अग्निबाणाकडे. ती 'सॅटर्न पाच' या अग्निबाणाची पूर्ण आकाराची प्रतिकृती होती. याच जातीच्या अग्निबाणाने माणसाला चंद्रापर्यंत पोहोचवले. त्याची उंची ३६३ फूट, म्हणजे आपल्या कुतुबमिनारापेक्षाही कितीतरी जास्त. एका मोठ्या दालनात खरा 'सॅटर्न पाच' आडवा ठेवलेला आहे. त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी चालत गेले. माणूस चंद्रावर उतरला त्याला त्या वर्षी जुलैमध्ये पन्नास वर्षे पूर्ण होणार होती.

शिबिरात अनेक देशांचे शिक्षक होते. सर्वांना अंतराळवीरांसारखा निळा पोशाख मिळाला. तो घालून आरशात पाहिले, तेव्हा माझे मलाच हसू आले.

दुसऱ्या दिवशी मला एका अजब यंत्रात बसवले. एकात एक अशी मोठी कडी आणि मध्ये खुर्ची. पट्ट्यांनी मला घट्ट बांधले आणि कडी फिरू लागली. कधी डोके खाली, कधी पाय वर, कधी आडवे! मी डोळे मिटून अल्लाचे नाव घेतले. पण गंमत अशी, की मला जराही मळमळले नाही. पोट नेहमी मध्यभागी राहते, म्हणून तसे होत नाही, असे प्रशिक्षकांनी सांगितले.

त्यानंतर आणखी एक खुर्ची होती. तिला स्प्रिंगा लावल्या होत्या. चंद्रावर आपले वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या एक षष्ठांश भरते. ही खुर्ची शरीराचा बाकीचा भार उचलून धरते. त्यामुळे चंद्रावर चालताना कसे वाटते, ते समजते. मी नेहमीसारखे पाऊल टाकायला गेले, तर पाय जमिनीवर टेकेनातच. मग प्रशिक्षकांनी सशासारख्या उड्या मारायला शिकवले. मी उड्या मारीत पुढे गेले खरी. पण थांबायची वेळ आली, तेव्हा थांबता येईना! वजन हलके झाले होते. पण माझे शरीर तेवढेच होते. त्याला थांबवायला तेवढाच जोर लावावा लागत होता.

त्या क्षणी मला आमच्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी आठवली. पण तिच्याविषयी नंतर सांगते.

शिबिराचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे खोटी खोटी अंतराळ मोहीम. आमच्या गटातले काही जण यानाच्या प्रतिकृतीत बसले. काही जण नियंत्रण कक्षात बसले. माझ्याकडे 'कॅपकॉम'चे काम आले. कॅपकॉम म्हणजे नियंत्रण कक्षातून अंतराळवीरांशी बोलणारी व्यक्ती. कक्षात कितीही माणसे असली, तरी यानाशी बोलतो तो कॅपकॉमच. सगळ्यांनी एकदम बोलून गोंधळ होऊ नये, म्हणून ही पद्धत आहे. मी कानांवर हेडफोन चढवला आणि ताठ बसले.

यानाने 'उड्डाण' केले. सारे सुरळीत चालले होते. इतक्यात प्रशिक्षकांनी मुद्दाम एक बिघाड निर्माण केला. यानातील हवेचा दाब कमी होऊ लागला. लाल दिवे लागले. काय करायचे, ते एका जाड पुस्तकात क्रमांकवार लिहिलेले होते. माझ्या शेजारच्या शिक्षिकेने पुस्तकात पाहून मला घाईघाईने क्रमांक सांगितला. ती म्हणाली 'फिफ्टीन' की 'फिफ्टी'? पंधरा की पन्नास? मला नीट ऐकू आले नाही.

मी तिच्याकडे वळून एवढेच विचारायला हवे होते, "पुन्हा सांगा." त्याला दोन सेकंदही लागले नसते. पण माझी जीभ रेटेना. मला वाटले, सगळे म्हणतील, "भारतातून आलेल्या या बाईंना एवढे साधे इंग्रजीही समजत नाही." मी मान डोलावली आणि यानाला ठामपणे सांगितले, "पन्नास."

क्रमांक पंधरा होता.

यानातल्या मंडळींनी चुकीची बटणे दाबली. दाब आणखी उतरला. चूक लक्षात येईपर्यंत वेळ संपली होती. प्रशिक्षकांनी जाहीर केले, "यानातील दोन अंतराळवीर बेशुद्ध पडले आहेत." ते दोघे खुर्चीत मान टाकून हसत होते. सगळेच हसत होते. मला मात्र हसू आले नाही. हे यान खरे असते तर?

मोहीम संपल्यावर मी सर्वांसमोर उभी राहिले आणि मोडक्या इंग्रजीत सांगितले, "चूक माझी आहे. मला ऐकू आले नव्हते. पण विचारायची लाज वाटली." क्षणभर शांतता पसरली. मग प्रशिक्षकांनी आम्हांला अपोलो १३ ची गोष्ट सांगितली.

१९७० सालच्या एप्रिल महिन्यात तीन अंतराळवीर चंद्राकडे निघाले होते. पृथ्वीपासून तीन लाखांहून अधिक किलोमीटरवर असताना त्यांच्या यानातील प्राणवायूची एक टाकी फुटली. यानातून संदेश आला, की काहीतरी अडचण झाली आहे. हा संदेश पुढे जगभर प्रसिद्ध झाला. पण त्याला ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षातून पहिले उत्तर काय गेले, हे फार थोड्यांना माहीत असते. उत्तर होते, "कृपया पुन्हा सांगा."

तेथे बसलेली माणसे हुशार होती. इंग्रजी तर त्यांची मातृभाषाच होती. तरीही त्यांनी पुन्हा विचारले. त्यांना त्यात कमीपणा वाटला नाही. नीट ऐकायचे, नीट समजून घ्यायचे आणि मगच पुढचे पाऊल टाकायचे, ही त्यांची शिस्त होती. तिन्ही अंतराळवीर सुखरूप परत आले.

त्या रात्री मला झोप आली नाही. डोळ्यांपुढे आठवीतली ती मुलगी येत होती.

चार महिन्यांपूर्वी मी वर्गात वजन आणि वस्तुमान शिकवीत होते. उर्दूत आपण वस्तुमानाला 'कमियत' म्हणतो. ती मुलगी उठून म्हणाली, "मिस, दोन्हींत फरक काय?" मी सांगितले. थोड्या वेळाने तिने पुन्हा तेच विचारले. मला अभ्यासक्रम संपवायची घाई होती. मी म्हणाले, "आत्ताच तर सांगितले. लक्ष कुठे असते तुझे?" वर्ग हसला. ती खाली बसली. त्यानंतर तिने एकदाही हात वर केला नाही. बी.एड. करताना मी परीक्षेत लिहिले होते, की प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला उत्तेजन द्यावे. त्या उत्तराला मला चांगले गुण मिळाले होते!

मी ज्या लाजेपायी चुकले, तीच लाज मी एका मुलीच्या मनात पेरली होती.

भारतात परतल्यावर मी शाळेत गेले. ती मुलगी आता नववीत होती. मुलांनी मला घेरले. सर्वांना अग्निबाणाची माहिती हवी होती. मी ती सांगितली. मग माझी फजितीही सांगितली, पंधरा आणि पन्नासची. मुले पोट धरून हसली. हसणे थांबल्यावर मी म्हणाले, "मागच्या वर्षी या वर्गातल्या एका मुलीने मला पुन्हा विचारले होते आणि मी तिला रागावले होते. ती चूक माझी होती. मी तिची माफी मागते."

मी कोणाचे नाव घेतले नाही. ती मान खाली घालून बसली होती.

मग मी फळ्यावर त्या खुर्चीचे चित्र काढले. साठ किलोचा माणूस चंद्रावर वजनाच्या स्प्रिंगकाट्यावर उभा राहिला, तर काटा फक्त दहा किलो दाखवील. पण त्याच्या शरीरातला माल तेवढाच असतो, म्हणून उडी मारताना त्याला थांबवणे सोपे नसते. ओढ बदलली, की वजन बदलते. वस्तुमान बदलत नाही.

"समजले?" मी विचारले.

"होऽऽ!" सारा वर्ग ओरडला.

मागच्या बाकावरून एक हात हळूच वर आला. ती उठली आणि म्हणाली, "मिस, शेवटचे पुन्हा सांगाल का?"

या वेळी कोणीही हसले नाही. मी फळा पुसला, खडू हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.