बोट कुणाला लागली?

तीन आठवडे माझ्या लॅपटॉपवर दोन टॅब उघडे होते. एकात चार हजार प्रवाशांची झगमगीत क्रूझ. नॉर्वेच्या फियॉर्डमधून सात रात्री, थिएटर, स्विमिंग पूल, रेस्टॉरंट्सची लाइन. दुसऱ्यात त्याच किनाऱ्याने जाणारी पाच-सहाशे माणसांची बोट. तिच्या फोटोंमधलं सगळ्यात मोठं आकर्षण काय, तर खिडकी!

सोबत होती आई. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. तिला कुठेतरी न्यायचंच म्हणून मी एफडी मोडली होती. अडलं होतं ते फक्त बोटीवर.

मित्रमंडळींत मतदान झालं. एकमताने मोठी! पैसा वसूल, बॉस! आणि त्यात लॉजिकही होतं. जहाज जितकं मोठं आणि जड, तितकं ते लाटांवर कमी डोलतं. २०२४ पासून धावणारं ‘आयकॉन ऑफ द सीज’ तर ३६५ मीटर लांब आहे, वीस डेकचं, ७,६०० प्रवासी घेऊ शकणारं. जहाज कसलं, तरंगती टाउनशिपच. माझ्या यादीतलं जहाज एवढं अवाढव्य नव्हतं, पण जात तीच.

आईला लहानपणी बोट लागायची, हेही मोठीच्या बाजूने होतं. सत्तरच्या दशकात ती आजीबरोबर भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने मालवणला जायची आणि रात्रभर लिंबू हुंगत बसायची.

पण खरं कारण वेगळंच होतं. मोठ्या जहाजावर रोज रात्री शो असतो, दिवसभर काही ना काही चालू असतं. आई रमेल, मी रमेन आणि बाबांचा विषय निघायला वेळच उरणार नाही. दीड वर्षात आम्ही त्यावर एकदाही धड बोललो नव्हतो. विषय टाळण्यात मी तर एक्स्पर्ट झाले होते.

शेवटी दोन्ही टॅब आईसमोर ठेवले. तिने पूल बघितला नाही, मेन्यू बघितला नाही. एकच विचारलं, “यातली धक्क्याला लागते कुठली गं?”

हा प्रश्न माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हता. शोधलं तेव्हा कळलं, की मोठ्या जहाजाला प्रत्येक छोट्या गावात धक्का मिळतोच असं नाही. मग ते खोल पाण्यात नांगर टाकतं आणि माणसांना छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेतात. चार हजार माणसं म्हणजे रांगही आलीच. छोटी मात्र थेट गावातल्या धक्क्याला लागते.

“मालवणला बोट लांब उभी राहायची,” आई म्हणाली. “होडी यायची आणि खलाशी मला उचलून होडीत द्यायचे. आता या गुडघ्यांना कोण उचलणार? छोटीच घे.”

ही छोटी म्हणजे तिकडची रोजची किनारी बोट. १८९३ साली रिचर्ड विथ यांनी सुरू केलेली सेवा आज बर्गनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत चालते. ३४ बंदरं, टुरिस्टांसोबत माल आणि गावकरीही. मधल्या दोन बंदरांपुरतंही तिकीट मिळतं.

“म्हणजे एसटीच की!” आईचा निकाल.

जूनमध्ये आम्ही बर्गनहून लोफोटेन बेटांवरच्या स्वोल्व्हेअरपर्यंत निघालो. तीन रात्री. पहिल्याच रात्री खडखडाटाने जाग आली. बोट कुठल्याशा चिमुकल्या बंदराला लागली होती आणि फोर्कलिफ्ट माल उतरवत होती. आई खिडकीशी उभी. “ती बघ, एक आजी उतरली. दोन पिशव्या आहेत हातात. घ्यायला कुणीतरी आलंय.” तिला कुठलाही शो नको होता. तिचा चालूच झाला होता.

पहाटे स्टाड नावाचं भूशिर आलं. इथे आडोशाला बेटं नाहीत, सगळा उघडा समुद्र. बोट डोलायला लागली आणि... बोट लागली. मला! व्ह्यू छान मिळेल म्हणून मी अगदी पुढची केबिन घेतली होती. खालच्या डेकवरची, मधोमध असलेली केबिन सगळ्यात कमी हलते, हे मी वाचलं होतं आणि सोयीस्करपणे विसरले होते.

आईने पर्समधून आवळासुपारी काढली. “क्षितिजाकडे बघत राहा,” म्हणाली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसली. मग म्हणाली, “अगदी बाबांवर गेलीस.”

“म्हणजे?”

“लग्न ठरल्यावर आम्ही एलिफंटाला गेलो होतो. गेटवेवरून लाँच सुटली आणि पंधरा मिनिटांत हे हिरवे! मला म्हणाले, घरी सांगू नका. मी आजपर्यंत नाही सांगितलं कुणाला.”

मी हसले. मग रडले. मग आई रडली. उठून जायला थिएटर नव्हतं की बिंगो नव्हता. समोर करडा समुद्र आणि आम्ही दोघी. टोरविक येईपर्यंत बाबांचं लग्न, बाबांची पहिली नोकरी, बाबांचे शेवटचे आठ दिवस, सगळं बोलून झालं.

चौथ्या दिवशी सकाळी आर्क्टिक सर्कल ओलांडलं. तिथे मानेवर बर्फाचं पाणी ओतून घ्यायची प्रथा आहे. रांगेत पहिली कोण होती, सांगायला नकोच.

आता ऑफिसवाल्या मैत्रिणी विचारतात, मोठी की छोटी? छोटी स्वस्त असेल असं समजू नका. आमचा खर्च जवळपास तेवढाच झाला. बरोबर मुलं असतील, धमाल हवी असेल, तर खुशाल मोठी घ्या. छोटीवर कंटाळा आला तर पळायला जागा नाही. मी फक्त एवढंच विचारते, “जहाज बघायचंय की किनारा? आणि बरोबर कोण आहे?”

आईचा पुढचा प्लॅन ठरलाय. मोठी क्रूझ, भिशीतल्या बायकांबरोबर. मी म्हटलं, “मीही येते.”

“तू नको,” म्हणाली. “तुला बोट लागते.”